धारवा, स्तरित अस्तराचा

धारवा, स्तरित अस्तराचा : फिरत्या किंवा झुलत्या दंडाला आधार देणाऱ्या धारव्याच्या ज्या प्रकारात भार पेलण्याचे काम कठीण पाठीकडे आणि घर्षण कमी ठेवण्याचे काम तिच्यावर पक्क्या बसविलेल्या पातळ थरांच्या अस्तराकडे सोपविलेले असते, त्यास स्तरित अस्तराचा धारवा म्हणतात. कारखान्यातील कारागीर धारव्याला बेअरिंग व त्याच्या नळीसारख्या प्रकाराला बुश म्हणतात. धारव्यांचे दोन मोठे वर्ग आहेत. पहिल्यात दंड व आधार यांच्यामध्ये गोळ्या किंवा रूळ असून ते लोळतात. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या एनआरबी बेअरिंग्ज या कंपनीच्या छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जालना येथील कारखान्यांत तयार होणारे सुईरुळांचे धारवे या वर्गातील होत. दुसऱ्या वर्गात दंड आधारावर सरळ घसरतो. स्तरित अस्तराचा धारवा या दुसऱ्या वर्गात मोडतो.

तत्त्व : कितीही गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले, तरी ते केवळ आपल्या सूक्ष्म उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. हे खरे स्पर्शक्षेत्र पदार्थ जितका मऊ तितके अधिक असते. घसरताना या टोकांवरील चिकटलेले सांधे कातरले जातात. म्हणून घर्षण हे स्पर्शक्षेत्र व कातर-बल यांच्या गुणाकारावर अवलंबून राहते. कठीण धातू वापरल्यास क्षेत्र लहान, परंतु कातर-बल मोठे. मऊ पदार्थ वापरल्यास कातर-बल लहान, परंतु क्षेत्र मोठे. एकच पदार्थ घेऊन या पेचातून सुटका होत नाही. एफ. पी. बोडेन व डेव्हिड टेबर यांनी १९३९ नंतर मेलबर्न येथे व पुढे केंब्रिज येथे केलेल्या संशोधनातून यावरील उपाय स्पष्ट झाला. कठीण पाठीवर मऊ पदार्थाचा अगदी पातळ थर दिला की, भार पाठ पेलते व त्यामुळे क्षेत्र लहानच राहते. कातरला जातो तो मात्र मऊ थर. थर जाड केला की हा लाभ नाहीसा होतो. अस्तर पातळ असते ते काटकसरीसाठी नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे.

धातूंची अस्तरे : व्यवहारात ही युक्ती शास्त्राच्या पुष्कळ आधीची आहे. आयझॅक बॅबिट या अमेरिकन कारागिराने १८३९ मध्ये कठीण कवचात मऊ मिश्रधातूचे अस्तर ओतण्याचे एकस्व घेतले. कथिल, अँटिमनी व तांबे यांची ही मिश्रधातू आजही मोठ्या जनित्रांच्या धारव्यांत वापरली जाते. मोटारगाडीच्या एंजिनातील भुजादंडाखाली मात्र दाब इतका वाढला की, तीन थरांची रचना करावी लागली : पोलादी पाठ, तिच्यावर तांबे-शिसे मिश्रधातूचा सु. ०·३ मिमी. जाडीचा थर आणि वर शिसे-कथिलाचा सु. ०·०२ मिमी. जाडीचा मुलामा. मुलाम्यातील कथिल उष्णतेने हळूहळू खालच्या तांब्यात शिरते व मुलामा निकृष्ट होतो; त्यास अडविण्यासाठी दोहोंमध्ये निकेलचा एक-दोन सहस्रांश मिमी. जाडीचा पडदा घालतात. एंजिन चालू असताना तेलाचा पापुद्रा दंडाला उचलून धरतो. अस्तराची खरी कसोटी लागते ती चालू व बंद होण्याच्या क्षणी.

टेफ्लॉन-कास्याचे अस्तर : जेथे तेल पोहोचविणे अवघड असते, तेथे स्वतःच वंगणाचे काम करणारे अस्तर लागते. १९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना अमेरिकेत अनपेक्षितपणे सापडलेले टेफ्लॉन हे बहुवारिक घर्षणाच्या दृष्टीने फार सरस आहे. पण ते भाराखाली हळूहळू पसरते, उष्णता वाहून नेत नाही, लवकर झिजते आणि कशालाही चिकटत नाही. ग्लेशियर मेटल या ब्रिटिश कंपनीने १९५० च्या दशकात त्यावर जो तोडगा काढला, तोच थोड्याफार फरकाने आज सर्वत्र रूढ आहे.

पोलादी पट्टीवर प्रथम तांब्याचा मुलामा देतात. तिच्यावर कास्याचे गोलसर कणांचे चूर्ण सारख्या जाडीत पसरून ती ऑक्सिजनविरहित भट्टीतून सु. ८०० ते ८५० से. तापमानात नेतात. या तापमानास कण वितळत नाहीत. एकमेकांस व पट्टीस स्पर्शबिंदूंपाशी जोडले मात्र जातात, आणि सु. ०·२५ मिमी. जाडीचा सच्छिद्र थर तयार होतो. नंतर टेफ्लॉनचा ओला लगदा रुळांखाली दाबून छिद्रांत भरतात. वर त्याचा ०·०१ ते ०·०३ मिमी. इतकाच थर उरू देतात. पट्टी पुन्हा टेफ्लॉनच्या वितळबिंदूच्या (सु. ३२७ से.) वर तापवितात व शेवटी लाटून अचूक जाडीची करतात. अशा रीतीने टेफ्लॉन चिकटविले जात नाही, तर कास्याच्या जाळीत अडकविले जाते. जाळी उष्णता बाहेर नेते व टेफ्लॉनला पसरू देत नाही. पट्टीचे तुकडे कापून ते वाकवून बुश बनवितात. म्हणून त्याच्या अंगावर एक उभी फट दिसते. तो दोष नव्हे, बुश घरात दाबून बसविला की ती मिटते.

वापराच्या आरंभी वरचा थर थोडा झिजतो व त्याचे कण दंडावर चिकटून तेथे पापुद्रा तयार होतो. त्यानंतर टेफ्लॉनवर टेफ्लॉन घसरू लागते. भार व वेग यांनुसार घर्षण गुणांक सु. ०·०२ ते ०·२० राहतो. भार जास्त व वेग कमी असता तो सर्वांत कमी असतो, हे नेहमीच्या समजुतीच्या उलट वाटेल. बुश घट्ट वाटला म्हणून आतून रीमर फिरविण्याची सवय जुन्या कारागिरांना असते. या बुशाच्या बाबतीत ती घातक आहे, कारण एका फेऱ्यातच वरचा थर निघून जातो. पूर्वी लगद्यात शिसे मिसळीत. ते विषारी असल्याने यूरोपीय संघाच्या २००० सालच्या वाहनविषयक निर्देशानंतर त्याच्या जागी हळूहळू अन्य पूरके आली.

दुचाकी वाहनांच्या पुढील नळ्यांत व धक्काशोषकांत असे बुश सामान्यपणे असतात. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यापासून हा परिसर दुचाकी वाहने व त्यांचे सुटे भाग यांचे मोठे केंद्र बनला आहे.

विणलेले अस्तर : दुसऱ्या एका प्रकारात टेफ्लॉनचे तंतू काच, पॉलिएस्टर वा तत्सम तंतूंबरोबर विणतात. वीण अशी योजतात की, घसरणाऱ्या बाजूस टेफ्लॉन व मागील बाजूस चिकटू शकणारे तंतू अधिक यावेत. हे कापड फिनॉलिक किंवा एपॉक्सी रेझिनात भिजवून धातूच्या पाठीवर दाब व उष्णता देऊन पक्के करतात. विमानांतील झुलत्या सांध्यांत व धरणांच्या दरवाजांत यांचा उपयोग होतो.

धरणांचे दरवाजे : वेरूळच्या डोंगरातून उतरणारी येळगंगा शिवना नदीला व शिवना गोदावरीला मिळते. हे पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात येते. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या या जायकवाडी धरणाला २७ दरवाजे आहेत. अशा मोठ्या धरणांवर सामान्यतः वक्र दरवाजे बसवितात. दरवाजाच्या दोन्ही भुजा मागे ट्रुनियन नावाच्या जाड खिळींवर टेकतात आणि पाण्याचा सर्व दाब त्या खिळींवर येतो. १२·५ मी. रुंद व ८ मी. उंच दरवाजा काठोकाठ पाण्याला अडवीत असेल, तर हा दाब सु. ४०० टन, म्हणजे प्रत्येक खिळीवर सु. २०० टन भरतो. घर्षण गुणांक ०·१ असता खिळीच्या पृष्ठावर २० टन विरोध होतो; तो ०·३ झाला की ६० टन. एवढा विरोध भुजेला वाकवू पाहतो. दरवाजा वर्षातून मोजक्या वेळा व अतिशय मंद गतीने हलतो, त्यामुळे तेलाचा पापुद्रा कधीच तयार होत नाही. दीर्घकाळ पडून राहिलेले ग्रीस सुकते आणि खीळ गंजते.

कॅलिफोर्नियातील फॉल्सम धरणावर १७ जुलै १९९५ रोजी हेच घडले. तिसऱ्या क्रमांकाचा दरवाजा उघडत असताना गंजलेल्या खिळीच्या घर्षणाने भुजांमधील तिरका आधार तुटला, दरवाजा कोसळला आणि सेकंदाला सु. १,१०० घ.मी. पाणी सुटले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. चौकशीत वंगण अपुरे पडल्याचे दिसून आले. दरवाजाच्या आराखड्यात खिळीचे घर्षण हिशोबात धरलेले नव्हते, ही त्याहूनही गंभीर गोष्ट होय. त्यानंतर खिळींच्या घर्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आणि नव्या व दुरुस्त केलेल्या दरवाजांत स्ववंगणी अस्तराच्या बुशांना अधिक पसंती मिळू लागली.

अशा बुशांनाही मर्यादा आहेत. खीळ गंजरोधी पोलादाची व चांगली घासून गुळगुळीत केलेली नसेल, तर ती अस्तर कानशीप्रमाणे खरवडते. गाळ आत जाऊ नये म्हणून कडांना सील लावावे लागते. शिवाय अस्तर किती उरले आहे, हे दरवाजा जागेवर असताना डोळ्यांनी पाहता येत नाही. दरवाजा उचलण्यास लागणाऱ्या बलाची नोंद दरवर्षी पावसाळ्यापूर्वी घेऊन ते वाढत तर नाही ना, हे तपासावे लागते.