सीडी-८ चा चकवा

उंदराची थायमस ग्रंथी म्हणजे हृदयाच्या वर चिकटलेल्या दोन पांढुरक्या पाकळ्या. चिमट्यानं अलगद उचलायच्या. पाच-सहा आठवड्यांच्या उंदरात एवढ्याशा जागेत दहा-वीस कोटी पेशी असतात. शेजारी बारक्या लसिकाग्रंथी असतात, त्या आधी वेगळ्या काढायच्या. पहिल्या खेपेला माझ्याकडून त्या राहिल्या. आलेखावर तयार टी-पेशींची गर्दी बघून मी खूश! सीनियर ताईनं फक्त विचारलं, "बी-पेशी मोजल्यास?" मोजल्या. नको तितक्या निघाल्या. लसिकाग्रंथी थायमससोबतच चिरडल्या गेल्या होत्या.

सिरिंजच्या दट्ट्यानं जाळीवर चिरडणं, गाळणं, बर्फावर ठेवून अँटिबॉडी घालणं, अर्धा तास अंधार, मग धुणं. यात सांगण्यासारखं फार नाही. मेलेल्या पेशींना मात्र कुठलीही अँटिबॉडी चिकटते, म्हणून त्या वेगळ्या रंगानं ओळखून बाद कराव्या लागतात.

फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकेक करून लेसरसमोरून जातात आणि पडद्यावर ठिपके साठत जातात. आडव्या अक्षावर सीडी-८ ही पेशीवरची खूण, उभ्यावर सीडी-४. (हे क्रमांक १९८२ च्या पॅरिस बैठकीपासूनचे. उंदरांवरच्या जुन्या शोधनिबंधांत सीडी-८ 'लाइट-२' नावानं भेटतो.) वर उजवीकडे दोन्ही असलेल्या 'डबल पॉझिटिव्ह' पेशींचा ढग, शंभरातल्या ऐंशीहून जास्त. यातल्या बहुतेक तीन-चार दिवसांत तिथेच मरणार. खाली डावीकडे दोन्ही नसलेल्या 'डबल निगेटिव्ह', जेमतेम तीन ते पाच टक्के. मला खरा रस यांच्यात. त्यांच्यावर आधी नुसता सीडी-४४ दिसतो, मग सोबत सीडी-२५, मग सीडी-४४ जातो, शेवटी सीडी-२५ ही. सीडी-२५ एकटा उरतो तेव्हा टी-पेशीच्या ग्राहकाची (टीसीआरची) बीटा साखळी जुळावी लागते. नाही जुळली, तर पेशीचा प्रवास संपला.

राहिला खाली उजवीकडचा कोपरा, नुसत्या सीडी-८ चा. या सगळ्या पिकलेल्या पेशी, असं मी वहीत बिनधास्त लिहून टाकलं होतं. पण निगेटिव्हकडून डबल पॉझिटिव्हकडे जाताना उंदराची पेशी आधी सीडी-८ दाखवते, सीडी-४ मागून येतो. माणसात याच्या उलट. म्हणजे कोपरा एकच, रहिवासी दोन तऱ्हेचे.

पुढच्या वेळी टीसीआर-बीटा आणि सीडी-२४ जोडले. त्या कोपऱ्याचे सरळ दोन ढीग झाले: एकात टीसीआर भरपूर, सीडी-२४ कमी, दुसऱ्यात टीसीआर जवळजवळ नाही, सीडी-२४ ठळक. दुसऱ्याभोवती गेट काढून मी त्याला 'कच्च्या' असं नाव दिलं आणि वहीतली जुनी ओळ खोडली.