कानटोपी

समुद्रातून बाहेर आलो की माझा ठरलेला कार्यक्रम असे. सर्फिंगचा बोर्ड वाळूत आडवा टाकायचा, मान उजवीकडे कलती करायची आणि लंगडी घालत उड्या मारायच्या. पाणी काही निघत नसे. कानाला बसलेले दडे आधी संध्याकाळपर्यंत सुटत, मग दुसऱ्या दिवशी, मग तिसऱ्या. मीटिंगमध्ये ‘काय म्हणालात?’ हे माझं पालुपद झालं, तेव्हा सांताक्रूझच्या (मुंबईतल्या नव्हे, कॅलिफोर्नियातल्या) एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी कानात बारीक दुर्बीण घातली. समोरच्या पडद्यावर कानाचा पडदा दिसायला हवा होता. दिसले ते तीन गुळगुळीत, पांढुरके उंचवटे आणि त्यांच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी फट. सळीचं टोक एकाला नुसतं टेकलं, तर कळ मस्तकात गेली.

“मळ नाही, हाड आहे,” डॉक्टर म्हणाले.

कानाच्या नळीचा आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. तिथली कातडी कमालीची पातळ. खाली चरबी नाही, थेट हाडाचं आवरण. गार पाणी आत शिरतं, वाऱ्याने ते आणखी गारठतं. डिवचलेलं आवरण मग हाडाचे थर चढवत राहतं, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, वर्षानुवर्षं. इथलं पाणी ११ ते १५ अंशांचं. मालवणच्या कोमट समुद्रात लहानपणी दिवसदिवस डुंबलो, तेव्हा कानांना काही झालं नव्हतं.

दुखणं जुनंच आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २३ निअँडर्थल माणसांचे कान तपासले होते. जवळपास निम्म्यांत हीच वाढ सापडली. सांताक्रूझमध्ये मात्र तिला वेटसूटचा हातभार लागला. वेटसूट बनवणाऱ्या जॅक ओनील यांनी १९५९ मध्ये इथे दुकान थाटलं. रबरी सूटमुळे अंग उबेत राहू लागलं, माणसं तासन्‌तास पाण्यात थांबू लागली. उघडे राहिले ते कान.

औषधाने हे हाड विरघळत नाही. ड्रिलने घासायचं, नाहीतर तासून काढायचं. डॉक्टरांनी त्यांची पटाशी दाखवली. पातं जेमतेम एक मिलिमीटर रुंद. सुताराचं हत्यार बाहुलीसाठी बनवावं तसं. खाली पडदा, मागे चेहऱ्याची नस. हात घसरून चालणार नव्हतं. शस्त्रक्रियेच्या वेळी मला भूल दिलेली, त्यामुळे ठोके त्यांनीच ऐकले.

सहा आठवडे पाणी बंद. आईला फोनवर सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “एस्टीत खिडकीशी बसलास की मी काय सांगायचे? कानटोपी घाल.”

आता कानात बोळे आणि डोक्यावर रबरी टोपी. त्या दिवशी काउल्सच्या किनाऱ्यावर ती काढली, बोळे काढले आणि सवयीने मान कलती केली. पाण्याचा थेंबही आला नाही. धक्क्याखालच्या सी लायनचं भुंकणं तेवढं दोन्ही कानांत शिरलं.