वरोरा परिसरातील घरगुती शीतकरण आणि वीजबचत

वरोरा हे चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण असून ते नागपूर-चंद्रपूर मार्गावर वसलेले आहे. येथील उन्हाळा तीव्र असल्यामुळे घर थंड राखणे ही आरोग्याची गरज आहे आणि कुटुंबाच्या खर्चातील ती एक मोठी बाबही आहे. उष्णता घरात येऊ न देणे, हवा खेळती ठेवणे, पाण्याच्या बाष्पीभवनाचा उपयोग करणे आणि शेवटी वातानुकूलन यंत्र वापरणे, असा या उपायांचा क्रम लावल्यास कमीत कमी विजेत अधिक गारवा मिळतो.

== हवामान ==
चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाणे नवे नाही. मैदानी प्रदेशात प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर पोहोचल्यास भारतीय हवामान विभाग ती उष्णतेची लाट मानतो, तर ४७ अंशांवर तीव्र लाट मानतो. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना विदर्भात 'नवतपा' म्हणतात.

शीतकरणाच्या दृष्टीने येथील उष्ण काळाचे दोन भाग पडतात. मार्च ते मे या काळात हवा कोरडी असते. पाऊस सुरू झाल्यावर तापमान उतरते, परंतु हवा दमट होते. पहिल्या काळात लाभदायक ठरणारा उपाय दुसऱ्या काळात निरुपयोगी ठरू शकतो.

== घरात शिरणारी उष्णता ==
जाड मातीच्या भिंती, कवेलूंचे छप्पर आणि पडवी असलेल्या जुन्या घरांत उष्णता आत पोहोचण्यास वेळ लागतो. टिनाचे पत्रे लवकर तापतात आणि लवकर निवतात. सिमेंटचा स्लॅब मात्र दिवसभर उष्णता साठवून रात्री ती खोलीत सोडतो. त्यामुळे स्लॅबच्या घरात सूर्यास्तानंतरही उकाडा जाणवतो.

छतावर पांढरा चुना किंवा ऊन परावर्तित करणारा रंग दिल्यास छत कमी तापते. शेजारच्या तेलंगण राज्याने २०२३ मध्ये याच तत्त्वावर शीत छप्पर धोरण जाहीर केले. पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून ताटी, चटई किंवा हिरवी जाळी लावणे हे आतील पडद्यापेक्षा अधिक परिणामकारक असते, कारण ऊन काचेपर्यंत पोहोचण्याआधीच अडते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी दारे-खिडक्या लावून घ्याव्यात आणि बाहेरची हवा निवल्यावर त्या उघडाव्यात. ही सवय विनाखर्चाची आहे.

== पंखा ==
पंखा हवा थंड करत नाही. तो घामाच्या बाष्पीभवनाचा वेग वाढवतो. म्हणून रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा केवळ वीज खर्च करतो. जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, तर बीएलडीसी मोटरचा पंखा सुमारे ३० वॅट घेतो. दररोज १५ तास वापर धरल्यास एका पंख्यामागे महिन्याला सुमारे २० युनिटांची बचत होते. छताच्या पंख्यांवर ऊर्जा कार्यक्षमतेचे तारांकन १ जानेवारी २०२३ पासून बंधनकारक आहे.

== कूलर ==
=== कार्य ===
वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून येणारी हवा गार करण्याची पद्धत जुनी आहे. कूलर हे तिचेच यांत्रिक रूप होय. पाण्याची वाफ होताना ते हवेतून अप्रकट उष्मा शोषून घेते. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. या कामाचा मोठा भाग पाणी करत असल्यामुळे २०० वॅटचा कूलरही खोलीला चांगला गारवा देतो.

बाहेरचे तापमान ४४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असल्यास चांगल्या कूलरमधून सुमारे २७ अंशांची हवा मिळू शकते. तापमान ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना तोच कूलर हवा जेमतेम दोन-अडीच अंशांनी उतरवतो.

=== वापर ===
कूलर सावलीच्या बाजूच्या खिडकीत, बाहेरची कोरडी हवा घेईल असा बसवावा. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवणे आवश्यक असते. बंद खोलीत तीच दमट हवा फिरत राहते व गारवा नाहीसा होतो. ताट्यांवर क्षार साचल्यास हवा अडते, म्हणून हंगामाच्या आरंभी त्या स्वच्छ कराव्यात किंवा बदलाव्यात. पावसाळ्यात पंप बंद ठेवून केवळ पंखा चालवणे इष्ट असते.

=== सुरक्षितता ===
लोखंडी कूलरच्या बाह्यांगात वीज उतरल्यास जीव जाऊ शकतो. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे, योग्य अर्थिंग करणे आणि ३० मिलिअँपिअरचे गळती-प्रवाह रोधक उपकरण बसवणे हे आवश्यक उपाय आहेत. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. यासाठी आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून कोरडी करावी.

== वातानुकूलन यंत्र ==
दीड टनाचे यंत्र पूर्ण क्षमतेने चालताना सुमारे १,५०० वॅट, म्हणजे सात-आठ कूलरांइतकी वीज घेते. तापमान एका अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे म्हणणे आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले. २६ अंशांवर यंत्र आणि सोबत मंद पंखा ही जोडी बहुतेकांना पुरेशी ठरते. एकाच खोलीत कूलर आणि वातानुकूलन यंत्र एकत्र चालवू नये, कारण कूलरने मिसळलेली वाफ काढण्यासाठी यंत्राला जादा वीज लागते.

== वीज देयकाचे गणित ==
चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मात्र केंद्र जवळ असल्याने येथील ग्राहकाला वीज स्वस्त मिळत नाही. महावितरणचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग राज्यभरासाठी ठरवतो. घरगुती वापरासाठी १००, ३०० आणि ५०० युनिट या सीमा असून पुढील प्रत्येक टप्प्याचा दर चढा असतो. सीमा ओलांडल्यावर सर्वच युनिटांना चढा दर लागतो हा समज चुकीचा आहे. तो केवळ सीमेपुढील युनिटांना लागतो.

उदाहरणार्थ, महिन्याला ९५ युनिट वापरणाऱ्या घरात २०० वॅटचा कूलर रोज १२ तास चालल्यास ७२ युनिटांची भर पडून वापर १६७ होतो. यांतील ६७ युनिट चढ्या दराचे असतात. दोन जुने पंखे बदलल्यास सुमारे ४० आणि रिकाम्या खोलीतील कूलर बंद ठेवून रोज चार तास वाचवल्यास २४ युनिट कमी होतात. वापर पुन्हा १०३ च्या जवळ येतो आणि वाचलेले प्रत्येक युनिट चढ्या दराचे असते.

== हिवाळा ==
वरोऱ्यात घर उबदार ठेवण्याचा खर्च अल्प असतो. हिवाळ्यातील वीज मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.३५ युनिट लागते. गिझर दिवसभर चालू ठेवल्यास साठलेले पाणी निवत राहते व पुन्हा पुन्हा तापते. म्हणून तो अंघोळीपुरताच सुरू करावा.

== बचतीची मर्यादा ==
हवेचे तापमान ४० अंशांपेक्षा अधिक असताना केवळ पंख्यावर विसंबू नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अशा वेळी पंखा गरम हवा अंगावर टाकून शरीर अधिक तापवतो. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया आणि आजारी व्यक्ती यांच्या खोलीतील कूलर देयकाच्या भीतीने बंद ठेवणे धोक्याचे ठरते. अंग अतिशय तापणे, बरळणे किंवा शुद्ध हरपणे ही उष्माघाताची लक्षणे असून अशा वेळी रुग्णाचे अंग पाण्याने गार करत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वीजबचतीचा आरंभ रिकाम्या खोल्या, तापलेले छत आणि उघड्या पश्चिम खिडक्या यांपासून करावा. माणसाला आवश्यक असलेला गारवा त्यात धरू नये.