होडीच्या मागचं भोक: बूच घट्ट असलं तरी पाणी कुठून शिरतं?

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, नृसिंहवाडीला गेलात आणि काठावर ओढलेली जुनी फायबरची होडी दिसली, तर ती मागून बघा. उभ्या फळीच्या तळाशी बोटभर भोक असतं. होडी बाहेर काढली की साठलेलं पाणी इथून सोडायचं, उतरवण्याआधी बूच लावायचं. 2005, 2019, 2021 चे पूर सोसलेल्या या पट्ट्यात होडी ही काही हौस नाही, त्यामुळे या भोकाकडे नीट बघू.

त्यातली नळी बहुतेकदा पितळेची, म्हणजे तांबं अधिक जस्त. वर्षानुवर्षं ओल राहिली की जस्त विरघळून जातं आणि मागे सच्छिद्र, गुलाबीसर तांबं उरतं. आकार तोच, ताकद गेलेली. खरवडल्यावर गुलाबी दिसलं तर नळी बदलाच. नवी कांस्याची घ्या.

पण मला विचाराल तर खरी गोम भोकाच्या कडेत आहे. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि पॉलिएस्टर रेझिन. या फळीच्या पोटात मात्र पुष्कळदा प्लायवूड असतं. भोक पाडलं की त्याची कड उघडी पडते. सील सुटलं की लाकूड तिथून पाणी ओढतं आणि आतल्या आत कुजतं. वरचा रंग चकचकीतच! तपासायला हातोडीच्या दांड्याने हलकं ठोका. कुजलेल्या जागी आवाज बद्द येतो. आधी भोकापासून लांब, चांगल्या जागी ठोकून कान तयार करा. कंट्रोलच नसेल तर बद्द कशाच्या तुलनेत?

कुजलेला भाग असेल तर तो काढून भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. लाकूड ठणठणीत असेल तर पूर्ण वाळू द्या, मग भोक थोडं मोठं करून दाट केलेल्या इपॉक्सीने बुजवा. ते कडक झाल्यावर मधोमध मापाचं भोक पाडा. आता नळीभोवती इपॉक्सीचं कडं, लाकूड कुठेच उघडं नाही. स्क्रूच्या भोकांनाही हेच.

सीलंट म्हणून दुकानदार सिलिकॉन पुढे करेल, नको म्हणा. त्याचा अंश राहिला की पुढच्या वेळी दुसरं काही नीट चिकटत नाही. मरीन पॉलियुरेथेन वापरा. स्क्रू जीव खाऊन आवळू नका, सगळं सीलंट पिळून बाहेर येतं.

सीलंट पूर्ण सुकल्यावर काठावरच होडीत पाणी ओता. बाहेरून बुचाभोवती एक आणि नळीच्या कडेभोवती एक अशी खडूची दोन वर्तुळं काढा. आधी कुठलं भिजतं, त्यावरून गळती बुचाची की सीलची ते कळेल.