मनोऱ्याचा मुलूख आणि फोनचा ठावठिकाणा

साताऱ्या-सांगलीकडे एखादा इसम घरातून निघून गेला वा कोणाचा फोन बाजारात लंपास झाला, म्हणजे फिर्यादीची शाई वाळण्यापूर्वीच ‘लोकेशन काढलं का?’ असा सवाल पोलिसांना केला जातो. आणि त्या सवालाच्या मुळाशी, फोन ज्या घरात आहे ते घरच ठाण्यातील पडद्यावर दिसते, अशी दृढ समजूत असते. वस्तुतः मोबाइल कंपनीच्या दप्तरात घराची नोंद होत नाही. होते ती मनोऱ्याच्या एका अंगाची. एका मनोऱ्यावर बहुधा तीन दिशांना अँटेना बसवलेल्या असतात, प्रत्येकीकडे वर्तुळाचा सुमारे तिसरा हिस्सा येतो, आणि संभाषणाच्या वेळी फोन ज्या हिश्शाशी जोडलेला होता त्याचा क्रमांक तेवढा टिपला जातो. हा हिस्सा मिरजेच्या बाजारपेठेत काही शे मीटरांचा भरेल. माण-खटावच्या माळावर अथवा जतच्या पूर्व भागात तोच कित्येक किलोमीटर पसरून अनेक वाड्यावस्त्यांना पोटात घेईल.

फोन नेहमी सर्वांत जवळचाच मनोरा धरतो, हाही भ्रमच. कोयनेच्या खोऱ्यात डोंगराची सोंड आड आली, की जवळचा मनोरा निरुपयोगी ठरून शिवसागर जलाशयापलीकडचा, मध्ये निव्वळ पाणी असल्यामुळे, फोनला गाठू शकतो. म्हैसाळच्या शिवारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा फोन कागवाडकडच्या मनोऱ्याने उचलला, तर त्या घटकेपुरता तो कर्नाटकात दाखल झालेला दिसेल. आणि तेवढ्या नोंदीवरून ‘सदर इसमाने सरहद्द ओलांडली’ असा निष्कर्ष काढणारा तपास, माझ्या मते, तपास या नावास पात्र नाही. संकेताला लागणाऱ्या विलंबावरून मनोऱ्यापासूनचे अंतर काढता येते हे खरे. तथापि जुन्या जीएसएम पद्धतीत ते सुमारे ५५० मीटरांच्या टप्प्यांनीच कळते, आणि हाती येतो तो बिंदू नव्हे, धनुष्याकृती पट्टा.

याच्या उलट टोकाचा गैरसमज असा, की जीपीएस बंद केले म्हणजे आपण अदृश्य झालो. जीपीएस हा उपग्रहांचे संकेत नुसता ऐकणारा भाग आहे. कंपनीच्या जाळ्याला मात्र आलेला कॉल पोहोचवण्यासाठी फोन कोणत्या टापूत आहे हे ठाऊक असावेच लागते. फोन संपूर्ण बंद केल्यास शेवटची नोंद तेवढी मागे राहते.

सिम बदलून सुटका होत नाही, कारण यंत्राला स्वतःचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक असतो. २०१९ मध्ये महाराष्ट्रात प्रायोगिक स्वरूपात आलेली आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’द्वारे देशभर खुली झालेली सीईआयआर ही व्यवस्था याच क्रमांकावर चालते: पोलिसांत तक्रार देऊन फोन तिथे नोंदवल्यावर त्यात नवे सिम पडताच त्या सिमची खबर ठाण्याला मिळते, आणि सिमच्या मालकावरून माग निघतो.

‘नंबर टाका, ठिकाणा पाहा’ म्हणणारी ॲप्स निव्वळ थोतांड होत. कारण पोलिसांतही कॉलच्या नोंदी मागवण्याचा अधिकार पोलीस अधीक्षक वा त्यांच्या दर्जाच्या वरिष्ठांनाच असून, दूरसंचार परवान्यातील डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनुसार कंपन्यांना त्या किमान दोन वर्षे जपाव्या लागतात.