आयडलिंगला गाडी थरथरते?

विदर्भातल्या वणी परिसरात उकणीसारख्या खुल्या खाणी आहेत आणि कोळशाचे ट्रक धूळ उडवत गावाजवळून धावतात. त्यामुळे इथल्या पेट्रोल गाडीची तपासणी एअर फिल्टरपासूनच सुरू करावी. नुसता चोंदलेला फिल्टर गाडीची ओढ कमी करतो; फाटलेला किंवा नीट न बसलेला त्याहून घातक, कारण त्यातून धूळ थेट आत जाते.

बंद पडायला आलेल्या आयडलिंगचं मूळ बहुधा थ्रॉटल बॉडीत असतं. पाय उचलल्यावर तिची झडप जवळपास मिटते आणि बारीकशा फटीतून हवा जाते. इंजिनातल्या तेलाच्या वाफेवर धूळ चिकटून तिथे काजळी धरली, की फट अरुंद होते. साफ करताना त्यासाठीचाच क्लीनर वापरा. इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नका. नंतर काही गाड्यांत स्कॅनरवर आयडल पुन्हा शिकवावं लागतं.

आकडा लक्षात ठेवा: गरम इंजिन, एसी बंद, तेव्हा बहुतेक गाड्यांचे फेरे मिनिटाला ७०० ते ९००. काटा वरखाली डोलत असेल आणि सुसकारा ऐकू येत असेल, तर तडकलेला व्हॅक्यूम होज शोधा. विदर्भाच्या उन्हाळ्यात रबर लवकर कडक होतं. ठराविक ठेक्यात मिसिंग येत असेल तर प्लग, मग कॉइल. काटा स्थिर असूनही स्टिअरिंग हादरत असेल तर इंजिन माउंटिंग पाहा.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून तपासणी कधीही करू नका: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.