चाकांवरचे घर आणि क्विल्ट

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात अनेक निवृत्त दांपत्ये मोटारघरात राहून हिवाळा घालवितात. निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेले हे वाहन म्हणजे चाकांवरचे घरच होय. उन्हाळ्यात मात्र तेथील वाळवंटात राहणे जिवावर बेतू शकते. फीनिक्स शहरात २०२३ साली ३० जूनपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ४३ अंश सेल्सिअसच्या वर होते. हे शहर ज्या मॅरिकोपा परगण्यात मोडते, तेथे त्या वर्षी उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यूंची नोंद झाली. मोटारघराच्या पातळ भिंती अशा उन्हापुढे टिकाव धरीत नाहीत. म्हणून ही मंडळी उंच प्रदेशाची वाट धरतात. हवा दर हजार मीटर उंचीमागे साधारणपणे साडेसहा अंशांनी थंड होत जाते. फीनिक्सपासून सुमारे २३० किलोमीटरवरील फ्लॅगस्टाफ हे गाव २,१०० मीटर उंचीवर असल्याने तेथील उन्हाळा सुसह्य असतो.

या प्रवासात कित्येक स्त्रिया आपले क्विल्टचे काम बरोबर नेतात. क्विल्ट ही आपल्या गोधडीची दूरची बहीण. आपल्याकडे बहुधा जुनी लुगडी एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालतात. त्याला अंगण किंवा ओसरी लागते. क्विल्टचा दर्शनी थर मात्र पुष्कळदा लहान लहान चौकोनांनी बनतो. वीतभर-दीडवीतभर लांबीरुंदीचा एकेक चौकोन मांडीवर शिवून होतो. सर्व चौकोन जोडल्यावर त्याखाली कापसाचा थर व अस्तर घालून तिन्ही थर टाके घालून एकत्र बांधतात. हे शेवटचे काम अंगावर पांघरूण घेऊन बसण्यासारखेच असते. ते थंड हवेतच सोयीचे.

प्रवासात विजेचाही हिशेब ठेवावा लागतो. लहान शिवणयंत्राला फार वीज लागत नाही. इस्त्रीला हजार वॅटहून अधिक लागते. तेव्हा शिवण पुष्कळदा नखानेच दाबून बसवितात. सिंगर कंपनीने १९३३ मध्ये बाजारात आणलेले सुमारे पाच किलो वजनाचे ‘फेदरवेट’ यंत्र आता बनत नाही, तरी प्रवासी स्त्रिया ते अजून शोधून घेतात.

चौकोनांची ही पद्धत प्रवासाला नवी नाही. १८४० नंतरच्या दशकांत हजारो कुटुंबे बैलगाड्यांतून सुमारे ३,२०० किलोमीटर दूर ओरेगॉनकडे निघाली. मागे राहणाऱ्या आप्तांची पुन्हा भेट होईलच असा भरवसा नव्हता. अशा वेळी मैत्रिणी व नातलग एकेका चौकोनावर शाईने आपले नाव लिहून देत आणि त्यांचे क्विल्ट बनवून निघणाऱ्या स्त्रीला निरोपाची भेट म्हणून दिले जाई. गाडीत फार सामान नेता येत नसे. पण पांघरूण न्यावेच लागे, आणि त्याबरोबर ती नावेही जात.

आजच्या प्रवासिनीला आप्तांचा आवाज दूरध्वनीवर ऐकता येतो. तरीही मुक्काम बदलत असताना हाती धरलेला चौकोन पुरा होतो आणि पुढच्या गावी त्याला दुसरा जोडला जातो. उन्हामुळे घर हलवावे लागले, तरी हातातले काम त्यामुळे मोडत नाही.